मागचा इंच पुढच्या मिलिमीटरमधून येतो: येझदीला पॅटर्नचे पाइप बसवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझी ८३ सालची येझदी २५०. बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाइप) आणि सायलेन्सर गंजून भोकं पडली म्हणून दोन्ही बाजूंचा पॅटर्नचा, म्हणजे मूळ कारखान्याचा नसलेला, नकलेचा सेट आणला. उजवी बाजू बरी बसली. डाव्या सायलेन्सरचं शेपूट मात्र उजव्यापेक्षा इंचभर खाली आणि बाहेर दिसतं. मागचा बोल्ट टॉमीने (लोखंडी पहारीने) उचलल्याशिवाय लागत नाही. चाळीस किलोमीटर चालवल्यावर डाव्या नटाखालून काळं तेल गळायला लागलं. मेकॅनिक म्हणतो, पाइप गरम करून वाकवून देतो, नाहीतर तशीच चालवा, आपोआप बसेल. काय करू?"

गाडी तशीच चालवू नका आणि पाइप गरमही करू देऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

"आपोआप बसेल" हे मी तीस-पस्तीस वर्षं ऐकतोय. पाइप आपोआप बसत नाही. कुठेतरी काहीतरी तुटतं, ताण मोकळा होतो, आणि मग बसल्यासारखं वाटतं. तुम्ही बोल्ट टॉमीने उचलून लावला, म्हणजे तो सायलेन्सर आत्ता धनुष्यासारखा ताणून बांधलेला आहे. त्या ताणाचं दुसरं टोक सिलिंडरच्या तोंडाशी आहे आणि तिथे बीड, म्हणजे ओतीव लोखंड आहे. पाइप वाकतो, पत्रा पिचतो, बीड सरळ तडकतं.

मी शिकाऊ होतो तेव्हा साताऱ्याकडून एक रोडकिंग (येझदीचंच एक मॉडेल) टेम्पोत घालून आमच्याकडे आली होती. खंबाटकी घाटात डाव्या बाजूने तोफ उडाल्यासारखा आवाज सुरू झाला म्हणाले. मला वाटलं नट ढिला झाला असेल. नट घट्टच होता. नटासकट पाइप हातात आला आणि नटाच्या आत बीडाचा चंद्रकोरीएवढा तुकडा अडकलेला होता, आट्यांसकट. सिलिंडरच्या तोंडाचा तेवढा काठच सुटून आला होता. उस्तादांनी मागचा बोल्ट खोलायला सांगितलं. बोल्ट निघाला तसा सायलेन्सर खटकन दोन बोटं खाली आला. ते काहीच बोलले नाहीत, तो तुकडा फक्त माझ्या तळहातावर ठेवला. अजून ड्रॉवरमध्ये आहे.

आता तुमच्या इंचाकडे येऊ. मागे दिसणारी चूक बहुतेक वेळा मागे झालेली नसते. बेंड पाइपच्या पुढच्या टोकाला जी कॉलर असते, जी नट दाबून सिलिंडरच्या तोंडावर बसवतो, ती पाइपला काटकोनात असायला हवी. पॅटर्नच्या पाइपांवर ती हाताने धरून जोडलेली असते आणि पुष्कळदा एका बाजूला उचललेली असते. हिशेब करून बघा. कॉलरचा व्यास साधारण ४५ मिमी धरा आणि ती एका कडेला फक्त १ मिमी उचलली आहे असं समजा. सिलिंडरच्या तोंडापासून सायलेन्सरचं शेपूट मीटरभर लांब. म्हणजे पुढचा १ मिमी मागे जाऊन २२ मिमी होतो, इंचाला थोडाच कमी. तुमचं शेपूट इंचभर खाली आहे आणि तुमचाच डावा नट गळतोय. मला या दोन तक्रारी वेगळ्या वाटत नाहीत. कॉलर तिरकी, म्हणून पॅकिंग (कॉलर आणि सिलिंडरचं तोंड यांच्या मधली चकती) एका बाजूला दाबलं गेलं आणि दुसऱ्या बाजूला फट राहिली. त्याच तिरकेपणाने शेपूट खाली गेलं. वरून तुम्ही शेपूट उचलून बांधलंत, त्यामुळे पुढची फट अजून उघडली.

पण न बघता मी कॉलरवर आळ घेणार नाही. दोष चार ठिकाणी असू शकतो: गाडीत, बेंड पाइपात, सायलेन्सरच्या पट्टीत किंवा ती पट्टी बोल्टने जिथे लागते त्या चॅसीवरच्या कानात. कोणता ते शोधल्याशिवाय कानसही उचलू नका.

सुरुवात गाडीपासून करा. सपाट फरशीवर मेन स्टँडला लावा आणि पुढचं चाक सरळ ठेवा. दोन्ही सायलेन्सर काढून टाका, बेंडही काढा. आधी इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट तपासा. ते ढिले असतील किंवा भोकं लांबट झाली असतील तर इंजिनच तिरकं बसलेलं असतं, आणि चेन डाव्या बाजूला असल्याने ओढही त्याच बाजूची असते. मग मागचं चाक. हे लोक विसरतात. सायलेन्सर सरळ आहे की नाही हे आपला डोळा चाकाशी ताडून ठरवतो. चेन ताणताना चाक एका बाजूला जास्त ओढलं गेलं असेल तर अगदी बरोबर बसलेला सायलेन्सरही वाकडा दिसतो. एकदा एका गिऱ्हाइकाचे पाइप मी दोनदा उतरवले आणि तिसऱ्यांदा लक्षात आलं की चाक तिरकं आहे. त्या दिवसाची मजुरी घेतली नाही.

मग ओळंबा घ्या. गवंड्याकडचा मिळाला तर उत्तम, नाहीतर दोऱ्याला जड नट बांधा. चॅसीवर सायलेन्सरचा बोल्ट जिथे लागतो त्या भोकातून दोन्ही बाजूंनी सोडा आणि जमिनीवर खडूने खूण करा. टायरच्या मध्यरेषेची पुढे-मागे दोन खुणांवरून रेघ मारा आणि तिच्यापासून दोन्ही अंतरं मोजा. भोकांची जमिनीपासूनची उंचीही मोजा. चाळीस वर्षांची गाडी कधीतरी पडलेली असतेच. पडली की मागच्या फूटरेस्टवर आणि त्याच्या आसपासच्या पट्ट्यांवर मार बसतो. येझदीची चॅसी चौकोनी नळीची, चांगली दणकट, ती सहसा वाकत नाही. तिला जोडलेल्या पट्ट्या वाकतात. अंतरात पाच-सात मिमीपेक्षा जास्त फरक आला तर पट्टी आधी सरळ करून घ्या. जाड पट्टी गरम करून सरळ करायला माझी हरकत नाही. क्रोम नसतं, रंग पुन्हा मारता येतो.

गाडी निर्दोष निघाली तर बेंड पाइप बघा. आणि इथे एक विचारतो: जुने, भोकं पडलेले पाइप फेकलेत का? फेकले नसतील तर तुमचं अर्धं काम झालं. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. आज बाजारात जे मिळतं, मग ते नाना पेठेत मिळो किंवा घरपोच येवो, ते जवळजवळ सगळं पॅटर्नचं आहे. मूळ कारखान्याचं माप तुमच्याकडे एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे, आणि ते म्हणजे तो गंजलेला पाइप. भोक पडलं म्हणून त्याचा आकार बदललेला नसतो.

प्लायवुडचा तुकडा घ्या. जुना डावा बेंड त्यावर आडवा ठेवा आणि पेन्सिल उभी धरून कडेने पूर्ण आकार काढा. आता नवा डावा बेंड त्याच रेघांवर ठेवा. कॉलरकडची बाजू जुळवून घ्या आणि मागच्या टोकाला किती फरक पडतो ते बघा. वळण जुळतंय, पण टोक भरकटतंय? मग दोष कॉलरचा. वळणच मोठं किंवा लहान आहे? मग पाइप चुकीच्या साच्यावर वाकवलेला आहे. तो दुकानदाराला परत करा, वाद न घालता दुसरा घ्या. हाच प्लायवुड दुकानात नेला तर आणखी चांगलं. वाकडा पाइप विकणाऱ्याला तोंडी समजावण्यापेक्षा पेन्सिलची रेघ दाखवली की तो लवकर ऐकतो.

कॉलरची तपासणी वेगळी करा. जाड काचेचा तुकडा घ्या, आरसा चालेल. कॉलरचं तोंड काचेवर टेकवून पाइप उभा धरा आणि खालच्या कडेला मागून बॅटरीचा उजेड टाका. उजेड एका बाजूने झिरपतो का बघा. बोटाने हलकं टकटक केलं तर डुगडुगतं का बघा. चांगली कॉलर काचेवर वाटीसारखी गप्प बसते.

त्याच वेळी कॉलरची जाडी जुन्या कॉलरशी ताडा. हा पॅटर्नच्या पाइपांचा दुसरा जुना रोग. कॉलर पातळ असेल तर नट शेवटच्या आट्यापर्यंत फिरून सिलिंडरला टेकतो आणि कॉलरवर दाब पडतच नाही. नट दगडासारखा घट्ट, पाइप मात्र हाताने हलतो, आणि माणूस पाना मारत बसतो. अशा वेळी ताकद लावून उपयोग नाही. जाड पॅकिंग घाला, नाहीतर दोन घाला.

समजा कॉलर तिरकी निघाली. तिरकेपणा अर्ध्या मिमीच्या आत असेल तर कानशीने निघतो. कॉलरच्या तोंडावर मार्करने रंग द्या, काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरा, त्यावर कॉलर दोन-तीनदा घासा. जिथला रंग गेला ती उंच बाजू. तेवढीच कानसा, पुन्हा रंग, पुन्हा घासा. कंटाळवाणं काम आहे, तासभर लागतो. पूर्ण गोल सारखा चमकला की थांबा. तिरकेपणा जास्त असेल तर कानसत बसू नका, कॉलर पातळ होईल आणि वर सांगितलेला रोग स्वतःच्या हाताने लावून घ्याल. त्यापेक्षा कॉलर कापून नव्याने टाके मारून घ्या. त्यासाठी पाइप गाडीवर हवा तसा धरून, कॉलर नटाने नीट बसवून, दोघांच्या सांध्यावर अणकुचीदार खिळ्याने तीन ठिकाणी खुणा करा. मग उतरवून खुणा जुळवत वेल्डरकडून टाका मारून घ्या, पुन्हा गाडीवर लावून बघा आणि जुळलं की पूर्ण वेल्डिंग करा. दोन फेऱ्या होतात, म्हणून लोक गाडीवरच टाका मारायचा आग्रह धरतात. पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेल्याशिवाय आणि बॅटरीची तार सोडल्याशिवाय गाडीजवळ वेल्डिंगची टॉर्च येऊ देऊ नका. वेल्डिंगच्या जागेवरचं क्रोमही आधी घासून काढायला सांगा, जळत्या क्रोमचा धूर फार वाईट. कॉलरजवळचं क्रोम गेलं तरी दिसत नाही, नटाच्या आत झाकलं जातं.

तुमचा मेकॅनिक पाइप मधल्या वळणाला गरम करणार आहे, तिथे मात्र सगळं दिसणार. क्रोमचा पापुद्रा निघतो, खाली निळा-तपकिरी डाग पडतो आणि दोन पावसाळ्यांत तिथेच भोक पडतं. पोकळ पाइप कोरडी वाळू ठासून न भरता वाकवला तर वळणाला चिमटा बसतो. टू-स्ट्रोकच्या वाटेत असा चिमटा म्हणजे गळा दाबल्यासारखं. पाइप वाकवायचाच तर क्रोम चढवण्याआधी. तुमचा क्रोम होऊन आला आहे.

सायलेन्सरचं पटकन सांगतो. दोन्ही सायलेन्सर फरशीवर शेजारी ठेवा, तोंडं भिंतीला टेकवा आणि बोल्टची पट्टी तोंडापासून किती अंतरावर आहे ते दोन्हींवर मोजा. पट्टी कोणत्या कोनात उभी आहे तेही बघा. फरक पाच-सहा मिमीचा असेल तर भोक कानशीने लांबट करून मोठं वायसर लावलं की भागतं. पट्टी आणि चॅसीच्या कानात बाजूने फट राहत असेल तर तेवढ्या जाडीची वायसरं भरा. फट बोल्टने आवळून मिटवू नका. अख्ख्या लेखातली एक गोष्ट लक्षात ठेवायची तर हीच ठेवा: बोल्टचं काम धरून ठेवायचं आहे, ओढून आणायचं नाही.

आता बसवायला घेऊ.

सिलिंडरची दोन्ही तोंडं तारेच्या ब्रशने साफ करा. जुन्या पॅकिंगचे तुकडे चिकटलेले असतात. ते जुन्या काळचे असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चाला: कोरडं खरवडून फुंकर मारू नका, पाण्याने ओलं करून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. आतल्या बाजूची काजळी याच वेळी काढून घ्या. पिस्टन वर नेऊन तोंड बंद करून घ्या म्हणजे काजळी खाली पडणार नाही.

मग नट रिकामा फिरवून बघा, पाइप न लावता, नुसत्या बोटांनी. तो शेवटपर्यंत गेला पाहिजे. मध्ये अडकला तर आटे साफ करा, पाना लावू नका. या नटाचे आटे बारीक आणि घेर मोठा, त्यामुळे तिरका चढायला त्याला काही लागत नाही. माझी पद्धत अशी: नट तोंडावर टेकवून आधी उलटा फिरवायचा. एका क्षणी 'टक्' करून तो खाली बसल्याचं बोटांना कळतं, तिथून सुलटा फिरवायला लागायचं. बरणीचं झाकण आपण असंच लावतो. आट्यांना तांब्याचं ग्रीस अगदी पुसल्यासारखं लावा, म्हणजे पुढच्या वेळी नट उघडेल.

तांब्याचं पॅकिंग असेल तर ते नरम करून घ्या. गॅसच्या शेगडीवर चिमट्यात धरून लालसर होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. पोलाद असं विझवलं की कडक होतं, तांबं नरम पडतं. जुनं तांब्याचं पॅकिंगही असं दोन-तीनदा वापरता येतं. सिलिकॉन लावायची सवय काहींना असते. इथे लावू नका. सिलिंडरच्या तोंडाशी ते टिकत नाही, जळून सुटतं आणि पुढच्या वेळी खरवडायला दुप्पट वेळ लागतो.

दोन्ही बेंड लावा, नट हाताने बसवा आणि वर पाव फेरा द्या, एवढाच की पाइप पडणार नाही पण दोन्ही हातांनी फिरवला तर फिरेल. सायलेन्सर चढवा, बेंड आणि सायलेन्सरच्या सांध्यावरची क्लिप ढिली ठेवा. मागचा बोल्ट बोटांनी घाला. इथे परीक्षा आहे: बोल्ट बोटांनी आत गेला पाहिजे. नाही गेला तर मागे या आणि का जात नाही ते शोधा. टॉमी भिंतीला टेकवून ठेवा, तिची आठवण होते तेव्हाच खरा दोष सापडायची वेळ आलेली असते.

सगळं असं लोंबतं असताना गाडीच्या मागे दहा पावलं जा, उकिडवे बसा आणि बघा. मग शेपटांना ओळंबा लावून खडूच्या रेघेपासून दोन्ही अंतरं घ्या आणि उंची मोजा. दोन-तीन मिमीचा फरक राहिला तर राहू द्या, तो डोळ्याला कळत नाही. शून्य फरकाच्या मागे लागून काही लोक चार दिवस घालवतात. कारखान्यातून आलेल्या गाडीतही तेवढा फरक असायचा.

आवळताना पुढून सुरुवात करा. आधी दोन्ही नट, थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे आळीपाळीने. खाचेत अडकणारा हूक पाना वापरा. छिन्नी लावून हातोडी मारायची पद्धत गावोगाव आहे आणि तिच्यामुळेच अर्ध्या येझद्यांच्या नटांचे पंख (बाहेर आलेल्या पातळ कडा) तुटलेले असतात. पाना विकतचा असो की लेथवाल्याकडून पट्टीचा बनवून घेतलेला असो, तो पंखांपेक्षा स्वस्तच पडतो. नट झाले की मागचा बोल्ट. मधली क्लिप सगळ्यात शेवटी, आणि त्याला कारण आहे. बेंड पाइप सायलेन्सरच्या तोंडात शिरलेला असतो आणि तेवढाच एक सांधा लांबीत सरकू शकतो. तापल्यावर पाइप वाढतो: लोखंडाचा ६० सेंमीचा पाइप सरासरी ३०० अंशांनी तापला तर दोन मिमीने लांब होतो. क्लिप आधी आवळून मग मागचा बोल्ट ओढला तर सांधा ताणात गोठतो. शेवटी आवळली की त्याला आपली जागा सापडलेली असते.

सगळं आवळून झाल्यावर मी एक गोष्ट करतो आणि गिऱ्हाईक वेड्यासारखं बघत राहतं. मागचा बोल्ट पुन्हा काढतो. सायलेन्सर जागच्या जागी राहिला, भोकातून भोक दिसलं, बोल्ट पुन्हा बोटांनी गेला, तर काम झालं. सायलेन्सरने उडी मारली, मग ती तीन मिमीची का असेना, तर ताण शिल्लक आहे. खोला आणि पुन्हा बसवा. साताऱ्याच्या त्या रोडकिंगनंतर ही परीक्षा मी एकाही गाडीवर चुकवलेली नाही.

सुरू करण्याआधी थोडं फिरून बघा. स्टँड वर घेतल्यावर तो पाइपला लागत नाही ना, मध्ये बोट जातं ना. ब्रेक पूर्ण दाबल्यावर पायपट्टी उजव्या बेंडला टेकत नाही ना. डावीकडे किकचा दांडा पूर्ण खाली गेल्यावर कुठे घासतो का. येझदीत किक आणि गिअरचा दांडा एकच, त्यामुळे इथे जागा कमी पडली तर रोज त्रास होतो. कोणाला तरी मागे बसवून दोघांनी जोरात दाब द्या आणि शॉकअप खाली बसल्यावर काय कशाला लागतंय ते बघा.

आणि पाइपांच्या आत बघा. हसू नका. एका गाडीला मी स्वतः नवे पाइप बसवले, सगळं सुरेख, आणि गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे ओढेच ना. कार्बोरेटर दोनदा उघडला, पॉइंट बदलले, संध्याकाळी सात वाजता सायलेन्सर काढला तर तोंडात कागदाचा बोळा. क्रोमवाल्याने वाहतुकीसाठी कोंबलेला. तेव्हापासून नवा पाइप आला की आधी आरपार बॅटरी मारतो, मग आत थोडं रॉकेल किंवा डिझेल फिरवून पॉलिशचा चिखल काढतो आणि वाळवतो.

बाहेरून पाइप थिनरने पुसा आणि त्यानंतर हात लावू नका. बोटांचे तेलकट ठसे पहिल्याच तापण्यात भाजून कायमचे बसतात. पाइप पुढे निळसर होईलच, एकपदरी पाइपाचा तो धर्म आहे. मात्र पहिल्याच दिवशी तोंडापासून वीतभर गडद निळा झाला तर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे किंवा टायमिंग मागे पडलं आहे, पाइपाला दोष देऊ नका. प्लग काढून बघा. चहाच्या रंगाचा असेल तर ठीक. पांढरट असेल तर तशी गाडी चालवू नका, टू-स्ट्रोक पातळ मिश्रणावर पिस्टन धरतं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो.

गळती शोधायला थंड इंजिन सुरू करा आणि उदबत्ती नटाच्या भोवती हळूहळू फिरवा. धुराची रेघ जिथे थरथरते तिथे फट आहे. काळ्या तेलाची वाट बघण्यापेक्षा हे बरं, कारण तेल दिसायला चाळीस किलोमीटर लागतात आणि तोवर फट आतून भाजून मोठी झालेली असते. पंधरा-वीस किलोमीटरचा फेरा मारून या, हात लावता येईल इतकं निवू द्या आणि नट पुन्हा तपासा. पाव फेरा घेईल, नवं पॅकिंग बसलेलं असतं. शंभर किलोमीटरला आणखी एकदा. त्यानंतरही दर आठवड्याला घट्ट करावा लागत असेल तर कॉलरकडे परत या.

तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न हाच येतो म्हणून सांगतो: सायलेन्सरच्या आतली आवाज दाबणारी जाळी काढून टाकू का, आवाज भारी येतो. नका काढू. या इंजिनाची खालची ओढ पाइप आणि जाळी मिळून सांभाळतात. वायूची लाट परत येऊन ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये अडवते, जाळी काढली की हे गणित बिघडतं. आवाज वाढतो आणि घाटात गिअर एक खाली घ्यावा लागतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, आवाज-धुराच्या नियमभंगाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवलेले फोटो तुम्ही पाहिले असतीलच. जाळी काढा ती काजळी साफ करायला, आणि परत लावा.

यातलं काही २०१८ नंतरच्या नव्या जावाला लावू नका. दिसायला दोन पाइप तसेच, पण ते फोर-स्ट्रोक इंजिन आहे आणि बीएस-६ गाड्यांच्या पाइपवर ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याची तार पिळली गेली तर भलताच खर्च.

तुमच्यासाठी क्रम असा राहील: आज मागचा डावा बोल्ट काढा आणि सायलेन्सर किती उडी मारतो ते पट्टीने मोजून लिहून ठेवा. मग डावा बेंड उतरवून कॉलर काचेवर ठेवा. नट काढल्यावर सिलिंडरचं डावं तोंडही भिंगातून नीट बघा, आट्यांच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसते का. संशय आला तर तिथे रॉकेल लावा, पुसून कोरडं करा आणि वरून खडूची पूड चोळा. भेग असेल तर दहा मिनिटांत पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. ती उमटली तर पाइपाचं काम थांबवा आणि सिलिंडर उतरवून बीडाचं काम जाणणाऱ्या वेल्डरला दाखवा. नाही उमटली तर चाळीस किलोमीटरवर सुटलात, कॉलर कानसायला घ्या.